संयोजकाने निबंध वाचू नये

१२ फेब्रुवारी

माननीय अध्यक्ष, कार्यक्रम समिती, यांस,

असंच लिहायचं ना? की 'धाकट्या' अजून चालेल? दोन वर्षं तुझा आवाज ऐकला नाही, आणि परवा दुपारी फोन येतो तो काय, तर "ताई, यंदाच्या परिषदेत एक सत्र तू मांड." कशी आहेस नाही, आई कशी आहे नाही. एकदम सत्र! मी तेव्हा केंद्रात एका मुलाचे कान तपासत होते, म्हणून "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. तोंडावर नाही म्हणायला जमलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

कागदावर आणि घरच्या पत्त्यावर लिहितेय, कारण तुझी मेल तुझी सचिव वाचते. मागे मी तुला चार पानं लिहिली होती, त्यावर उत्तर आलं, "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे." सख्ख्या बहिणीची नोंद घेतलीस, वा रे वा!

तर बघितलं. मांडते सत्र. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. परिषदेच्या शेवटच्या दिवशी सर्वसाधारण सभेत तुझी तीन सुरांची डबी मताला येणार आहे, हे मला कळलंय. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे कान यापुढे त्याच डबीने तपासायचे, असं ठरणार. हात वर करणारी माणसं आदल्या दिवशी सत्रांना बसलेली असतील. त्यांना चौथ्या सुराबद्दल कळायला हवं आणि ते तुझ्यासमोर कळायला हवं. तू पहिल्या रांगेत बस. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

तुझी आठवण आता थोरामोठ्यांत राहून पुसट झाली असेल, म्हणून सांगते. आपण दोघांनी पहिली डबी केली तेव्हा तिच्यात चार सूर होते. चौथा सगळ्यात बारीक. तो ऐकवताना मुलं चुळबुळ करतात, वर्गाबाहेर कलकलाट असतो, वेळ जातो, म्हणून तू तो काढून टाकलास. डबी झटपट झाली आणि तिच्याबरोबर तूही झटपट मोठा झालास. त्या डबीत पास झालेली एक चिमणी माझ्याकडे आली ती आठ वर्षांची होऊन. तिला स ऐकू येत नाही, श नाही, फ नाही. तिच्यापर्यंत प्रत्येक वाक्य उंदराने कुरतडल्यासारखं पोचायचं. दोन वर्षं बाई तिला मठ्ठ म्हणत राहिल्या, आणि तिच्या आईला तुझ्या डबीने सांगितलेलं होतं की कान उत्तम आहेत.

अशी ती एकटीच नाही. "नमुना फार लहान आहे, ताई," असं तू म्हणालास तेव्हा तो लहान होता. आता नाही.

सत्राचं नाव दिलंय, 'तीन सुरांच्या चाचणीतून निसटणारी मुलं'. प्रस्ताव आजच कार्यालयात पाठवला.

आई बरी आहे. तिने लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं, नाहीतर प्रस्ताव पाठवून मी गप्प बसले असते.

ताई

२ मे

धाकट्या,

प्रस्ताव मंजूर झाल्याचं कळलं. "स्वीकारताना आनंद होत आहे," असं तुझ्या सहीने आलंय. एवढा आनंद होत होता तर सत्राचं नाव का बदललंस? मी पाठवलं काय आणि परत आलं काय! 'शालेय श्रवणतपासणी: काही विचार'. अरे, विचार करायला तुम्ही बसला आहात ना तिथे, माझ्याकडे पुरावे आहेत. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, कुणाला दुखावणारी नावं ठेवायची नाहीत असं समितीचं धोरण आहे. मुलांच्या कानांनी तुमचं काय घोडं मारलंय?

बरं, नाव बदला. आतला माल तोच आहे.

सत्र मांडणं हे काय प्रकरण असतं ते आता कळतंय. तुम्ही वर बसून नुसते फर्मान सोडता, एका सत्राला चार निबंध हवेत, तीन असतील तर सत्र रद्द. खाली आम्ही माणसं गोळा करत फिरायचं. एक भाषेची अभ्यासक मिळाली आहे, मुलं कुठले आवाज उशिरा बोलतात त्यावर तिचं चांगलं काम आहे. ती पहिल्याच मेलला हो म्हणाली, म्हणून मला आधी संशयच आला. एक दाढीवाला इंजिनियर आहे. त्याला सारांश अडीचशे शब्दांत मागितला तर त्याने सहा पानं पाठवली आणि वर लिहिलं, "यातलं काहीच कापता येण्यासारखं नाही." मीच कापलं. त्याला अजून कळलेलं नाही. तिसरे कानाचे थोरले डॉक्टर. त्यांनी विषय विचारला नाही, राहायची सोय कुठे आहे ते विचारलं. चौथी मी.

आई माझ्या मागे उभी राहून पडद्यावर बघत असते. कुणाचं उत्तर आलं नाही की म्हणते, "यांचेही कान गेलेत की काय?" स्वतःच्या कानातल्या यंत्राची बॅटरी संपलेली असते तेव्हासुद्धा म्हणते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तू फळांची टोपली पाठवलीस ती पोचली. मी ती शेजारी देऊन टाकली, हे तिला सांगितलेलं नाही.

माझा निबंध तयार आहे. नेमून दिलेल्या मुदतीत जाईल.

ताई

१९ जुलै

तुला ठाऊक होतं.

आज माझा निबंध परत आला. "नियम अकरा. संयोजकाने स्वतःच्या सत्रात निबंध वाचू नये." खाली नियम करणाऱ्या उपसमितीची नावं आहेत आणि पहिलं नाव तुझं आहे.

नियम वाईट नाही, तेही सांगते. लोक सत्र मांडायचे आणि स्वतःचंच कीर्तन लावायचे, म्हणून तो केला असेल. पण मी जन्मात पहिल्यांदा सत्र मांडलं, मला कसं माहीत असणार? नियमांचं पुस्तक मिळतं ते सत्र मंजूर झाल्यावर, आणि ते वाचायला वेळ कुणाला होता, मी दाढीवाल्याची सहा पानं कापत बसले होते. तुला मात्र माहीत होतं. फेब्रुवारीत फोन केलास तेव्हा "निबंध पाठव, ताई" असं म्हणता आलं असतं तुला. तू म्हणालास "सत्र मांड". मी मूर्ख, मला वाटलं इतक्या दिवसांनी भावाला बहिणीला मान द्यावासा वाटला!

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि मारणाराही घरचाच.

तुझ्या सचिवेला फोन केला. ती बिचारी गोड बोलते. म्हटलं, निबंध दुसऱ्या सत्रात घाला. तर मुदत संपली. म्हटलं, संयोजक बदला. तर सत्र एकदा जाहीर झालं की संयोजक बदलत नाही. म्हटलं, माझ्या जागी दुसरं कुणी वाचेल. तर निबंध त्याच्या लेखकानेच वाचायला हवा. शेवटी मला समजवायला म्हणाली, "पण मॅडम, संयोजकांचं नाव आम्ही ठळक अक्षरांत छापतो ना." मी फोन ठेवून दिला, नाहीतर तिच्यावर उगीच आग पाखडली असती. वड्याचं तेल वांग्यावर काढायची सवय आपल्या घरात तुला आहे, मला नाही.

निबंधाला दुसरा लेखक असता तर त्याने वाचला असता. दोन वर्षांपूर्वी मी तुलाच विचारलं होतं. "आपण दोघं मिळून लिहू, चूक आपली आपणच दुरुस्त केली असं होईल," असं म्हणाले होते मी. तू म्हणालास, "चूक असं म्हणू नकोस, ताई." तेव्हापासून तुझा आवाज ऐकू आला नव्हता.

आता सत्रात तीनच निबंध राहिले. चौथा शोधतेय. ज्याला विचारावं तो म्हणतो, "तुमच्या भावालाच विचारा ना!"

मी तुला विचारणार नाही.

२३ सप्टेंबर

धाकट्या,

छापील कार्यक्रम आज टपालाने आला. माझं नाव खरंच ठळक आहे. त्याखाली भाषेच्या बाई, दाढीवाला, थोरले डॉक्टर आणि चौथा वक्ता तू. विषय काय, तर 'तीन सुरांची चाचणी: दहा वर्षांची वाटचाल'.

सचिव म्हणाली, "सरांनी तुमचं सत्र वाचवलं." वाचवलं की गिळलं? मी सहा महिने माणसं गोळा केली, सारांश कापले, थोरल्या डॉक्टरांना खालच्या मजल्यावरची खोली मिळवून दिली, ती तुझी आरती ओवाळायला? आणि मी संयोजक म्हणून कडेला बसून मिनिटं मोजायची आणि शेवटी तुझे आभार मानायचे! लाज वाटली नाही रे तुला जराही?

एकदा वाटलं, सत्रच मागे घ्यावं. पण मग सभेत तुझी डबी बिनबोभाट पास होणार. निदान भाषेच्या बाई दोन शब्द खरे बोलतील म्हणून मागे घेतलं नाही.

आईने तो कार्यक्रम नव्या डोळ्यांनी वाचला. आपली दोघांची नावं एका पानावर बघून तिला कोण आनंद! औषधांच्या डब्याला टेकवून ठेवलाय तो, आल्यागेल्याला दाखवते. मी तिला खरं काय ते सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

चिमणीला मागच्या आठवड्यात यंत्रं बसवली, दोन्ही कानांना. तिची आई टेबलावर माझ्या कागदावर सही करत होती तर ही एकदम वाकून पेनाच्या टोकाकडे बघायला लागली. मला कळेना काय झालं. पेनाचा आवाज होतो हे तिला आजवर माहीतच नव्हतं. मग स्वतःच पेन हातात घेऊन तिने सगळा कागद गिरगटून टाकला. मला वाटलं तिची आई रडेल. ती रडली नाही, चिडली. "दोन वर्षं मी हिला मारत होते," म्हणाली. "ऐकत नाही म्हणून मारत होते." माझ्याकडे बघून विचारलं, "ती डबी कुणी केली?"

मी म्हटलं, "मला नक्की माहीत नाही." तुझ्यासाठी खोटं बोलले मी, त्या बाईच्या तोंडावर. त्यानंतर मला जेवण गेलं नाही. आता परत बोलणार नाही.

ताई

१३ नोव्हेंबर, दुपार

धाकट्या,

ही चिठ्ठी खाली नोंदणीच्या टेबलावर ठेवतेय, तिथून तुझ्याकडे येईल.

सत्र झालं. खोली दुसऱ्या मजल्यावरची, खुर्च्या एकमेकींना अडकवलेल्या, पाण्याचा जग एकच आणि पेले नाहीत. तरी लोक भिंतीला टेकून उभे होते. ते तुझं नाव बघून आले होते, माझं ठळक नाव बघून नव्हे. भाषेच्या बाई छान बोलल्या. दाढीवाल्याला मी दोनदा 'वेळ संपली'चं कार्ड दाखवलं, तिसऱ्यांदा कार्ड त्याच्या हातातच दिलं. थोरल्या डॉक्टरांनी स्वतःचा निबंध वाचताना जांभई दिली. मग तुझं नाव पुकारलं. तू नाहीस. पुन्हा पुकारलं. पळाला भित्रा, असं मनात म्हटलं मी.

वक्ता आला नाही तर त्याची वेळ चर्चेला जाते आणि चर्चा संयोजकाने चालवायची. चर्चेत संयोजकाने बोलू नये असा नियम तू केलेला नाहीस. मी उभी राहिले. हातात कागदसुद्धा नव्हता. तेवढ्यात पडद्याची यंत्रं सांभाळणारा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमच्या निबंधातल्या आकृत्या लावू ना? सरांनी सकाळीच आणून दिल्यात."

मी म्हटलं, लावा. मग बोलले. तुझ्या वाटणीची वीस मिनिटं पुरती बोलले. चिमणीचं सांगितलं, बाकीच्या मुलांचं सांगितलं, चौथ्या सुराचं सांगितलं. थोरले डॉक्टर ताठ बसले. मागून एका बाईंनी विचारलं, "मग चौथा सूर परत घालायला हरकत काय आहे?" मी म्हटलं, हरकत ज्यांची आहे ते आज आलेले नाहीत.

मधे पेला आणायला खाली गेलेल्या भाषेच्या बाई नंतर म्हणाल्या, "तुमचे भाऊ तर खाली कँटीनमध्ये खिडकीशी चहा पीत बसले होते, एकटेच."

आता काय म्हणू मी तुला? द्यायचीच होती वेळ तर सरळ द्यायचीस. हा लपंडाव कशाला? मला सहा महिने जाळलंस. माझा राग गेलेला नाही, आधीच सांगते. पण त्या आकृत्या माणसाने सकाळी उठून, आठवणीने आणून दिल्यात हे काही मी नाकारत नाही. बोलताना एकदा वाक्य अर्धंच सोडलं ते त्याच्यामुळे. लोकांना वाटलं, चिमणीमुळे.

उद्या सभेत तू स्वतःच सांग. दोन वाक्यं पुरतील, की चौथा सूर परत घालून मग डबी मताला टाकू. तू म्हटलंस तर कुणी विरोध करणार नाही. चूक हा शब्दही वापरू नकोस, मला चालेल.

संध्याकाळी कँटीनमध्ये ये. सात वाजता खिडकीशी बसते. आईने तुझ्यासाठी स्वेटर दिलाय, बॅगेत आहे. बाह्या आखूड झाल्यात, ती ऐकत नाही.

ताई

२२ नोव्हेंबर

कँटीन बंद होईपर्यंत बसले होते मी. मला वाटलं, उद्याच्या सभेच्या तयारीत असशील. त्या दोन वाक्यांची तयारी करत असशील!

सभा तू छान चालवलीस. माईक वाकवून तोंडाजवळ घेतलास, चष्मा लावलास आणि म्हणालास, "या चाचणीबद्दल काही शंका उपस्थित झाल्या होत्या. समितीने त्यांची दखल घेऊन त्यासाठी स्वतंत्र सत्र ठेवलं. काल तिथे सविस्तर चर्चा झाली, सर्व बाजू ऐकून घेण्यात आल्या. तरी आता चाचणी आहे त्या स्वरूपात मताला टाकतो."

सर्व बाजू ऐकून घेण्यात आल्या! कुणी ऐकल्या? तू चहा पीत होतास!

म्हणजे मला बोलू दिलंस ते यासाठी. कुणी बोललंच नाही असं व्हायला नको होतं तुला. भिंतीला टेकून माझं ऐकणारी माणसंही होती त्या सभेत, आणि तुझं बोलणं ऐकून त्यांना वाटलं, झालं की मग, विषय संपला. हात वर झाले. जांभईवाल्या डॉक्टरांचाही झाला. मागे प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचाही झाला, अर्धा. खिडकीशी बसून तुझ्या मनात खरंच काय होतं, मला माहीत नाही, आता जाणून घ्यायचंही नाही.

मग तू म्हणालास, "विरोधात?" मी हात वर केला. एकटीने. विरोध करणाऱ्याचं नाव इतिवृत्तात लिहावं लागतं म्हणे. तू वरून माझ्याकडे सरळ बघितलंस आणि माईकमधून विचारलंस, "आपलं नाव?"

आपलं नाव.

मी सांगितलं, आडनावासकट, मोठ्याने. ते ऐकून माना आधी तुझ्याकडे वळल्या, मग माझ्याकडे. तू खाली बघून लिहून घेतलंस. तुला लिहायला मीच शिकवलं होतं, पण ते जाऊ दे.

घरी आल्यावर आईने विचारलं, "भेटला का?" म्हटलं, "भेटला. त्याने मला माझं नाव विचारलं." ती म्हणाली, "सगळ्यांसमोर?" "सगळ्यांसमोर." मग तिने औषधांच्या डब्याला टेकवलेला तो कार्यक्रम उचलून रद्दीत टाकला. मी तिला सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

इथे थांबणार होते. पण काल तुझ्या बायकोचा आईला फोन आला. बिचारीला आपल्यातलं काही माहीत नाही, नेहमीसारखी गप्पा मारत होती. आईला नीट ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर होता, मी बाजूलाच होते. तुझी लेक पहिलीत गेली म्हणून आईने कौतुकाने विचारलं, तिचे कान तपासले का? तर तुझी बायको म्हणाली, "हो तर! हे स्वतःच तपासतात, दर वाढदिवसाला. ती जुनी डबी आहे ना यांच्या कपाटात, तिच्यावर. चारही सूर ऐकू येतात हो तिला."

मला वाटलं होतं ती डबी केव्हाच मोडीत गेली. मला वाटलं होतं तुला पटलेलं नाही. दोन वर्षं मी तुला पटवून देण्यासाठी पुरावे गोळा करत होते, धाकट्या! तुला तर पहिल्यापासून पटलेलं होतं. फक्त स्वतःच्या घरापुरतं पटलेलं होतं.

तुझी मुलगी नीट ऐकते, देव तिला सुखात ठेवो, तिच्यावर माझा राग नाही. पण ती डबी आपण दोघांनी केलेली आहे आणि तुझ्या लेकीचं काम झालंय. चिमणीच्या शाळेतली सगळी मुलं मी सोमवारपासून पुन्हा तपासणार आहे. डबी इकडे पाठवून दे.

ताई